समोरची सीट

१

दर रविवारी सकाळी सहाला संघप्रिया रामटेके मूलच्या घरातून स्कूटी काढायची. डब्यात आईनं दिलेल्या दोन भाकरी आणि ठेचा, पाण्याची मोठी बाटली, डोक्याला रुमाल. गडचिरोली रस्त्यानं पाऊण तास गेलं, की वैनगंगेच्या अलीकडे एका कारखान्याचं उजाड आवार लागायचं. कारखाना उभा राहायच्या आतच मालकाचा हुरूप संपला होता. पण स्वतःच्या छोट्या विमानासाठी त्यानं बांधलेली धावपट्टी तेवढी उरली होती. तिच्यावर वीस वर्षं एक ग्लायडर क्लब चालत होता. क्लब म्हणजे काय, तर पत्र्याची एक शेड, दोन माणसांचं एक पांढरं ग्लायडर, तार ओढणारं एक विंच आणि बापूराव खोब्रागडे.

बापूराव वायुदलातून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे. उन्हाळा असो की हिवाळा, डोक्यावर पांढरी कापडी टोपी, गोल काठाची. पोरं त्यांना सर म्हणत. संघप्रिया भाऊ म्हणायची, कारण तिचे वडील त्यांना भाऊ म्हणायचे. ती अडतीस वर्षांची होती. मूलच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न केलं नव्हतं, घरी ती आणि आई मीराबाई. ग्लायडर शिकायचं खूळ डोक्यात कुठून आलं, हे तिला कोणी विचारलं तर ती नुसती हसायची. मीराबाईंना मात्र ते खूळच वाटे. ज्याले इंजिन नाई त्याच्यात बसतेस काऊन, एवढंच त्या विचारायच्या, आणि तरी पहाटे उठून भाकरी टाकायच्या.

इंजिन नव्हतं हे खरं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंचवर कोलू बसायचा. एटापल्लीकडचा हा अबोल माणूस तारेच्या नुसत्या थरथरीवरून वरच्या हवेचा अंदाज घ्यायचा. तो तार ओढू लागला की ग्लायडर पतंगासारखं उभं चढे. साडेतीनशे मीटरवर तार सोडायची, आणि मग आपलं आपण पाहायचं. जमिनीवरून तापून वर उठणारी हवा सापडली तर चढायचं, नाही सापडली तर पाच मिनिटांत खाली.

बासष्ट वेळा ती बापूरावांना मागे बसवून उडाली. ती समोरच्या सीटवर, ते मागच्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी मागच्या सीटचे रिकामे पट्टे स्वतःच्या हातानं करकचून बांधले आणि म्हणाले, "आज माह्यं वजन नाई. लवकर चढन. घाबरू नको."

लोकेश मडावी, तिच्याबरोबर शिकणारा वन खात्यातला कारकून, पंख धरून चार पावलं धावला, आणि ती एकटी वर गेली.

तार सुटल्यावर जी शांतता येते तिची तिला सवय होती; पण मागे कोणाचा श्वास नाही अशी शांतता पहिलीच. नदीकाठच्या कापलेल्या धानाच्या बांध्यांवर दोन घारी फिरत होत्या. ती त्यांच्यात शिरली. डाव्या पंखाखालून कोणीतरी हळूच उचलावं तसं झालं, आणि चढउतार सांगणारं यंत्र टिवटिवू लागलं. चारशे, पाचशे, सातशे मीटर. घार इतकी जवळ होती की तिनं मान वळवून संघप्रियाकडे पाहिलेलं दिसलं. पलीकडे नदी ओलांडली की जंगल सुरू होई ते थेट भामरागडपर्यंत. साग पानं झडून करडा झालेला, मध्ये मध्ये पळस पेटलेला. ती मोठ्यानं हसली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून पुन्हा हसली.

जंगलावर वळण घेताना खाली तिला आपली सावली दिसली. सागांच्या शेंड्यांवरून पंख पसरून ती तिच्याबरोबर गोल फिरत होती. काळीभोर, रेखीव, शेपटीच्या टोकापर्यंत स्पष्ट. तिला फार माया वाटली त्या सावलीची. तिनं हातही हलवला.

२

मंगळवारी बारावीच्या उजळणीत सावलीचा धडा निघाला. प्रच्छाया म्हणजे गडद सावली, उपच्छाया म्हणजे कडेची फिकट. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून वस्तू जमिनीपासून जसजशी दूर जाते तसतशी तिची सावली कडांनी पुसत जाते. किती दूर? वस्तूच्या रुंदीच्या साधारण एकशे आठ पट. पुढे गडद भाग संपतोच. तिनं फळ्यावर आकृती काढली आणि सवयीनं विचारलं, एक मीटर रुंदीची फळी किती उंच नेली तर तिची गडद सावली नाहीशी होईल?

मुली म्हणाल्या, एकशे आठ मीटर.

ग्लायडरचा पंख जेमतेम एक मीटर रुंद असतो.

ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. सातशे मीटरवरून तिची सावली म्हणजे करड्या रानावरचा एक फिकट, ओळखूही न येणारा डाग असायला हवा होता. तशी रेखीव सावली पडायची तर ग्लायडर झाडांच्या अगदी माथ्यावर हवं. तिथं ती नव्हती.

रविवारी तिनं बापूरावांना सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. हवेचे थर तापले की नजर फसते, मृगजळ काय असतं, असं म्हणाले आणि तिच्या मागे बसून स्वतः जंगलावर आले. अर्धा तास दोघं फिरली. खाली सागच साग होता. एका पाणवठ्यावर चितळांचा कळप दिसला. सावली नव्हती, तिच्या हिशेबाप्रमाणे असायला नको तशी नव्हतीच. उतरल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं भाकरी लोकेशला देऊन टाकली आणि त्याचा शिरा खाल्ला.

दुपारी ती पुन्हा एकटी गेली, आणि सावली आली.

या वेळी तिनं ती डोळे फाडून पाहिली. पंख, शेपटी, आणि पुढच्या बाजूला काचेच्या झाकणातून ऊन आरपार गेल्यामुळे पडलेले दोन उजळ तुकडे, एक समोरच्या सीटचा, एक मागच्या. समोरच्या तुकड्यात तिच्या डोक्याचा ठिपका दिसायला हवा होता. माणसाचं डोकं वीतभर रुंद; त्याची सावली दिसायची तर झाडांपासून वीस मीटरच्या आत असायला हवं. इथं झाकणाची बारीक कड दिसत होती, मधली पट्टी दिसत होती. डोकं नव्हतं.

तिनं मान डावीकडे कलती केली. उजवीकडे केली. दोन्ही उजळ तुकडे तसेच रिकामे राहिले.

त्या सावलीत कोणी बसलेलं नव्हतं.

३

तिनं स्वतःवर शंका घेतली, जशी कोणत्याही शहाण्या माणसानं घ्यावी. चंद्रपूरला जाऊन डोळे तपासले. चष्म्याचा नंबर होता तोच होता. पाणी कमी पडतं म्हणून दोनाच्या तीन बाटल्या नेऊ लागली. पुढच्या खेपेला मोबाइलवर फोटो काढले. फोटोत नुसतं जंगल आलं. पण फोटो काढत असताना, पडद्यावर नव्हती तेव्हाही, पडद्याच्या बाहेर सावली फिरतच होती.

घरी ती काही बोलली नाही. मीराबाईंना न बोललेलं कळायचं. एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं, काय झालं. तिनं परवान्याची परीक्षा जवळ आली म्हणून सांगितलं. मीराबाई म्हणाल्या, नको देऊ मंग, कोन जबरदस्ती करून राह्यलं? आणि थोड्या वेळानं, लसणाच्या साली गोळा करत, त्या म्हणाल्या की तुह्या बाबालेही असंच काई तरी लागे मनाले, अन् तोही सांगत नसे.

बापूरावांना मात्र तिनं सगळं सांगितलं, रिकाम्या सीटसकट. वाटलं होतं, ते आता रागावतील किंवा परवान्याचा अर्जच मागे घ्यायला लावतील. ते टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवत बसले.

"वीस वरस झाले," ते म्हणाले, "मांगं बसून समोरच्याचं डोकंच पाहून राह्यलो. जंगल पाहाले टाइम कुठी भेटला मले?"

मग ते उठले आणि एकटेच जातो म्हणाले. एकट्यानं उडायचं तर समोरच्या सीटवर बसावं लागतं. किती वर्षांनी ते समोर बसत होते कोण जाणे. पट्टे लावताना हात अडखळले तसे स्वतःशीच हसले. कोलूनं त्यांना वर सोडलं. ते नदीपार गेले, दिसेनासे झाले.

चाळीस मिनिटांनी ते उतरले. उतरणं नेहमीसारखं अलगद, पण झाकण उघडून बाहेर यायला त्यांनी फार वेळ लावला. लोकेश पंख धरून उभा होता, तो नंतर म्हणाला की सर आत बसून काचेवर बोटानं काही तरी मोजत होते.

"काई नाई दिसलं," ते संघप्रियाला म्हणाले.

तिनं पाणी दिलं. ते प्याले, बाटलीचं बूच लावलं, पुन्हा काढलं.

"तू पाह्यली तवा," त्यांनी विचारलं, "समोरची रिकामी होती का मांगची?"

"दोन्ही, भाऊ."

"बरं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांना पश्चिमेकडेच न्यायला सुरुवात केली, शेतांवर. तिकडे हवा चांगली चढते, असं कारण दिलं. तिकडे तशी ती काही चढत नव्हती.

४

मार्चच्या शेवटच्या रविवारी परीक्षा होती. नागपूरहून परीक्षक आले. सकाळी ते मागे बसले, तिनं वळणं, वेग, अचानक तार तुटली तर काय करायचं, सगळं करून दाखवलं. ते खूश झाले. आता एकटीचं एक उड्डाण आणि नेमक्या जागी उतरणं, की संपलं. बापूराव धावपट्टीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत वायरलेस घेऊन बसले होते. ती ग्लायडरमध्ये बसल्यावर ते उठून आले, तिचे खांद्याचे पट्टे ओढून पाहिले आणि पश्चिमेलाच राहजो, असं हळूच सांगितलं.

तिनं तसंच ठरवलं होतं. पण तार सुटल्यावर पश्चिमेकडे हवा मेलेली होती. काटा खालीच जात होता. तीनशे. अडीचशे. आणखी एक मिनिट, आणि परीक्षेला लागणारी वेळ न भरताच उतरावं लागलं असतं. नदीच्या बाजूला घारी फिरताना दिसल्या. फक्त नदीपर्यंत, असं स्वतःला बजावून ती वळली. नदीवरची हवा जबर होती. तिनं ग्लायडरला अक्षरशः उपसून वर नेलं, आणि वाऱ्यानं तिला कधी पलीकडे सरकवलं ते तिला कळलं नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी, तिनं घड्याळ पाहिलेलं होतं, वायरलेसवर बापूरावांचा आवाज आला.

"प्रिया, हवा मस्त आहे व."

तिनं बटण दाबून होकार दिला आणि उंची सांगितली, सहाशे.

"मी बी चढून राह्यलो," ते म्हणाले. आवाज खुशीत होता, कोणाचं तरी लग्न जमल्यासारखा. "किती वरसांनी जंगल पाहून राह्यलो. मोहाखाली बाया दिसतात. टोपल्या दिसतात."

खुर्चीतून जंगल दिसत नाही. खुर्चीतून शेड दिसते आणि शेडमागचं तारेचं कुंपण.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही कुठून बोलता?"

उत्तर आलं नाही. खरखरही आली नाही. तिनं खाली पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. सागांच्या शेंड्यांवर, मोहाच्या कोवळ्या तांबूस पालवीवर ती रेखीव काळी सावली तिच्याबरोबर फिरत होती. समोरचा उजळ तुकडा रिकामा होता. मागच्यात एक डोकं होतं, गोल काठाच्या टोपीचं.

ती उतरली तेव्हा धावपट्टीवर कोणी नव्हतं. खुर्ची आडवी पडलेली. पंख धरायलाही कोणी आलं नाही. ग्लायडर थांबलं आणि एका पंखावर कलंडलं. विंचकडून कोलू पायी चालत आला. त्याला यायला दहा मिनिटं लागली, आणि ती तोवर आतच बसून राहिली.

तार खाली पडली अन् त्याच वेळी सर पडले, असं कोलूनं सांगितलं. लोकेश आणि परीक्षक त्यांना गाडीत घालून गडचिरोलीला घेऊन गेले होते. पण जीव इथंच गेला होता, ते त्यानं धावत येऊन पाहिलं होतं, आणि मग तो विंचकडे परतला होता.

"वायरलेस?" तिनं विचारलं.

त्यानं खिशातून काढून दिला. पडल्यामुळे मागचं झाकण निघालं होतं. बॅटरी त्यानं दुसऱ्या खिशातून काढली.

"म्याडम, बॅटरी तिकडे गवतात भेटली," तो म्हणाला. "तार सुटली तवाच निंगाली होती."

तार सुटली अकरा वाजून चार मिनिटांनी.

५

एप्रिलमध्ये परवाना टपालानं आला; तिचं उतरणं पाहायला थांबता आलं नसलं तरी परीक्षकांनी तिला पास केलं होतं. मीराबाईंनी तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभा करून ठेवला आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या सत्यशीलाबाईंना दाखवायला बोलावलं. संघप्रियानं तो हातातही धरला नाही. बापूरावांच्या घरी बुद्धवंदनेला ती गेली होती. त्यांच्या सुनेनं ते शेवटी काही बोलले का असं विचारलं. हवा मस्त आहे म्हणाले, एवढं तिनं सांगितलं. सून रडली. खोटं तर ते नव्हतं.

ती क्लबला जायची थांबली. वाटलं, मी वर नाही गेले तर ती सावली कोणाबरोबर फिरेल?

पण ऊन वाढत गेलं तशी सावली जंगल सोडून पुढे येऊ लागली. एकदा बसमधून चंद्रपूरला जाताना तिला ती एका तलावाच्या कोरड्या पात्रावर दिसली. मग मूलच्या बाहेर, भातगिरणीच्या पत्र्यांवर. मे महिन्यात पेपर तपासायला कॉलेजात गेली असताना मैदानात एकाएकी कावळे गप्प झाले. तिनं खिडकीतून पाहिलं. व्हॉलीबॉलच्या खांबांमधून ती काळी आकृती सावकाश सरकत गेली, समोरचा तुकडा उजळ, मागे टोपी. मैदान ओलांडायला तिला इतका वेळ लागला की तेवढ्या वेगात कोणतंही ग्लायडर हवेत टिकलं नसतं. संघप्रियानं वर पाहिलं. पांढरं आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं. शेजारी बसलेल्या मास्तरांनी विचारलं, काय पाहता? तिनं मैदान दाखवलं. त्यांना मैदान दिसलं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मीराबाई माजघरात गारव्याला बसल्या होत्या. दुपारी गच्चीवर कुरड्या घालायला गेल्या होत्या, हात अजून पिठाचे होते. त्यांनी लेकीला पाणी दिलं आणि सहज, शेजारणीबद्दल सांगावं तसं, सांगितलं.

"तुह्यं ते विमान आलतं. गच्चीवर. अगदी खाली, बाई, हात लावता आला असता."

संघप्रियानं पेला खाली ठेवला. सावली पाहिली का, असं तिनं आईला विचारलं.

"सावली काऊन? विमानच पाह्यलं. मांगं बापूरावभाऊ बसले होते. समोर कोनी नोयतं."

"आई, ते वारले."

"मले माहीत नाई का?" मीराबाई शांतपणे म्हणाल्या. "तरी पाह्यलं म्या. तुलेच शोधून राह्यले वाटलं. मी सांगतलं, ती शाळेत गेली. हसले. हात केला मले, या म्हणून."

"मग?"

"मंग काय, कुरड्या वाळू घालाच्या होत्या."

६

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की त्या भागात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि कशाचीच सावली बाजूला पडत नाही. खांबाची खांबाखाली, माणसाची पायाखाली. दरवर्षी ती पोरांना मैदानात जमवून हे दाखवायची. यंदा त्याच्या आदल्या रात्रभर तिनं तोच एक विचार केला. एरवी सावली एकीकडे पडते आणि वस्तू दुसरीकडे असते, शोधायची तरी कुठे? उद्या बारा वाजून सातआठ मिनिटांनी सावली पाडणारं जे काही असेल ते आपल्या सावलीच्या नेमकं वर असेल. आपण त्याच्याही वर असलो आणि सरळ खाली पाहिलं, तर ते दिसलंच पाहिजे. आणि समोरच्या सीटवर कोणी हवंच असेल, तर तिथं आपण बसू. मग आईला 'या' म्हणून बोलवायची गरज उरणार नाही.

सकाळी तिनं सत्यशीलाबाईंना घरी बसवलं. दिवसभर आईला गच्चीवर जाऊ देऊ नका, ऊन बाधतं, असं तीन वेळा सांगितलं. मीराबाईंनी निळ्या पातळाच्या पदराला हात पुसत भाकरी बांधून दिल्या. कुठे जाते ते विचारलं नाही.

लोकेशला आणि कोलूला हवा पाहायची आहे म्हणून सांगितलं. मेच्या दुपारी कोणी उडत नाही, काचेखाली माणूस भाजून निघतो, असं लोकेश म्हणाला; पण परवाना तिच्याजवळ होता आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं पुढे वाद घातला नाही. मोबाइल तिनं कोलूजवळ दिला.

बारा वाजता तार सुटली. हवा अशी उसळत होती की काही न करता ती हजार मीटरवर गेली. नदी म्हणजे वाळूत आखलेली बारीक निळी रेघ. जंगलावर ती पोहोचली तेव्हा खाली काहीच नव्हतं, आणि तिला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, खरोखरच आशा वाटली. तिनं एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. बारा वाजून सात मिनिटांनी तिनं पंख कलता केला आणि त्याच्या टोकावरून सरळ खाली पाहिलं.

सावली दिसली नाही. ती ज्याच्याखाली झाकलेली होती ते दिसलं.

पांढरं ग्लायडर, तिचंच, पंखावर तोच क्रमांक. पण पांढरा रंग उन्हात चमकत नव्हता, जुन्या हाडासारखा विझलेला होता. ते सागांच्या शेंड्यांवरून, फांद्यांना जवळजवळ शिवत, फिरत होतं. इतक्या उंचीवरून माणसं दिसत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरीही दिसत होतं. मागे टोपी. आणि समोर एक लहानसं, पांढऱ्या केसांचं डोकं, बारीक अंबाडा, खांद्यावर निळ्या पातळाचा पदर. अनोळखी गाडीत पहिल्यांदा बसलेलं माणूस बसतं तशी ती अंग चोरून, हात मांडीत घेऊन बसली होती. मागून बापूराव पुढे वाकले आणि त्यांनी बाहेर बोट करून तिला काही तरी दाखवलं. तिनं तिकडे पाहिलं.

वर तिनं पाहिलं नाही.

संघप्रियानं हाक मारली. झाकणाच्या आत तिचाच आवाज तिच्या कानांवर आदळला. खालच्या ग्लायडरनं गिरकी सोडली, पंख समपातळीत आणले आणि ते पूर्वेकडे निघालं, एटापल्लीच्या डोंगरांच्या दिशेनं, काहीही घाई नसल्यासारखं. तिनं नाक खाली घातलं आणि मागे गेली. आठशे. सहाशे. चारशे. ते जवळ येत नव्हतं, दूरही जात नव्हतं. खाली उतरायला शेत नव्हतं, रस्ता नव्हता, नुसतं जंगल. आणखी शंभर मीटर गमावले असते तर परत जाता आलं नसतं, आणि ती परत जायला आलीच नव्हती. तिनं तर हेच ठरवून तार लावली होती.

पण अडीच वर्षं मागून कोणी तरी खांद्यावर टकटक करून शिकवलेला हात. उंची संपते आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं काठी वळवली. आपण वळलो हे तिला नदी समोर आल्यावर कळलं. तेव्हा मागे पाहिलं तर करडं रान होतं, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं, ना ग्लायडर, ना सावली.

ती धावपट्टीच्या अगदी कडेला कशीबशी टेकली. लोकेश धावत आला, पण पंखाशी येऊन थांबला, आणि त्यानं पंख धरला नाही. कोलू त्याच्या मागे होता. तिचा मोबाइल त्यानं अंगापासून लांब, दोन बोटांत धरला होता. मोबाइलचा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. सत्यशीलाबाईंचं नाव तिला काचेतून वाचता आलं.

आत उन्हाची आग होती. घाम डोळ्यांत उतरत होता. तिनं पट्टे सोडले नाहीत. कोलूनं काचेवर दोनदा टकटक केलं, मग थांबून एकदा. झाकणाची कडी आतून होती. तिनं ती काढली नाही.